पीस जागेवर आहे

बाईंविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मधल्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाची जेवढी ओळख होते, तेवढीच माझी त्यांच्याशी होती. त्यांचं खोकणं मला ओळखू यायचं, त्यांच्या परसदाराच्या कडीचा आवाज झोपेतसुद्धा कळायचा. पण त्यांनी लग्न का केलं नाही, तरुणपणी त्यांना कशाचा नाद होता, एकट्या असताना त्या कधी रडल्या का, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्या गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ आला आणि म्हणाला, "कोंबडीवाल्या मंडळाच्या अंकात ताईवर एक पान टाकणार आहेत. तुम्ही लिहा. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी लिहिलं तर चेष्टाच करतील." माझ्या हातून चेष्टा होणार नाही, एवढ्याच लायकीवर हे काम माझ्याकडे आलं आहे.

गल्लीत त्यांना नापासबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. मागून काय म्हणतात ते त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसावं. उलट एकदा नव्याने राहायला आलेल्या कुणीतरी दार ठोठावून विचारलं, "नापासबाई इथंच राहतात का?" तर त्या म्हणाल्या, "हो, मीच. कोंबडी कुठाय?"

आमच्या गल्लीतल्या घरांना मागे अरुंद परस आहेत. एका बाजूला कपडे वाळत घालायचे, दुसऱ्या बाजूला जाळी ठोकून कोंबड्या ठेवायच्या. कोंबड्या खरं तर अंड्यांसाठी. पण थंडी पडायला लागली की बाजारामागच्या मोठ्या सभागृहात पक्ष्यांचं प्रदर्शन भरतं, आणि मग ज्याच्या त्याच्या मनात येतं की आपली कोंबडी काही साधीसुधी नाही. अशी माणसं कोंबडी काखेत मारून बाईंकडे यायची. प्रदर्शनात न्यावी का नाही, एवढंच विचारायला.

बाई शर्टाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. शिवून आलेला शर्ट इस्त्रीला जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा. उसवलेली शिवण, वाकडी कॉलर, एक काज वर एक खाली, असं काही दिसलं की शर्ट परत. कोंबडीही त्या तशाच बघायच्या. आधी लांबून चालताना बघायच्या. मग पोटाखालून हात घालून उचलायच्या, छातीचं हाड बोटाने चाचपायच्या, तुऱ्याचे दाते बघायच्या, पायाची बोटं वेगळी करून बघायच्या आणि शेवटी एकेक पंख पंख्यासारखा उघडून उजेडात धरायच्या. कोंबडीसुद्धा त्यांच्या हातात गप्प व्हायची. मालकाचा मात्र जीव वरखाली.

कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या मावशींची कोंबडी त्यांनी बघितली तेव्हा मी भिंतीलगत पालक खुडत होतो. ऐकू आलं म्हणून सांगतो.

"तुऱ्याला बाजूनं हा दाता कुठून आला?" बाई म्हणाल्या.

"देवानं दिला," मावशी म्हणाल्या.

"मग देवालाच दाखवा. प्रदर्शनात नको."

"अहो पण स्वभावानं किती गोड आहे बघा तरी!"

"मावशी, घरात ठेवायला लाखात एक आहे. मिरवायला नाही. नापास."

मावशी आठ-पंधरा दिवस बाईंशी बोलल्या नाहीत. बाई रोज त्यांच्या दुकानात जायच्या, साबण-काड्यापेटी घ्यायच्या, आणि जाताना विचारायच्या, "कोंबडी बरी आहे ना?" मावशींचा राग त्या विचारण्यापुढे टिकला नाही.

त्यांच्याशी खरा उभा दावा मांडला तो सलूनवाल्याने. त्याचं सलून आमच्या समोरच. हात चालतो तेवढंच तोंड चालतं. त्याच्याकडे अंगभर काळी कोंबडी होती, सुरेख होती, पण डाव्या पंखात एक पांढरं पीस. काळ्या जातीच्या वर्गात एक पांढरं पीस दिसलं तरी पक्षी बाद, असा नियमच आहे. बाईंनी पंख उघडला आणि मिटला. "नापास."

सलूनवाल्याने काय केलं, तर प्रदर्शनाच्या आधी चिमट्याने ते पीस ओढून टाकलं आणि पहिल्या क्रमांकाचं कार्ड घेऊन आला. हे काही त्यानेच शोधून काढलं असं नाही. प्रदर्शनवाल्यांत पुष्कळ जण करतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की सगळे करतात. कार्ड त्याने दोन आरशांच्या मधोमध लावलं. दाढीला मान मागे टाकली की नेमकं ते डोळ्यांसमोर.

बाईंनी भर गल्लीत त्याला सांगितलं, "शर्टाला भोक पडलं म्हणून त्याच्यावर खिसा शिवला, तर शर्ट पास होत नाही. तो चोरीचा खिसा असतो."

"बाई, कोंबडी कुणी अंगात घालत नाही," तो म्हणाला. दाढीचा साबण तोंडाला असलेलं गिऱ्हाईकही हसलं.

तेव्हापासून दर वर्षी बाई कोंबडी नापास करताना वर एक वाक्य जोडायला लागल्या. "आणि उपटाउपटी करू नका. मला कळतं." लोक त्यांच्या शब्दाला घाबरायचे आणि बहुतेक जण तो मोडायचेही नाहीत. मावशींसारखी तीन-चार माणसं तर बाई बोलल्या म्हणून प्रदर्शनाच्या वाटेलाच गेली नाहीत.

बाईंच्या स्वतःच्या परसात दोन काळ्या कोंबड्या होत्या. एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या बहिणी. थोरली आणि धाकटी. धाकटी बेताची होती. थोरलीसारखी कोंबडी मी पाहिली नाही; अर्थात मी पाहिल्यात किती! पाठ रुंद, पाय भक्कम, तुऱ्याचे दाते सुबक, आणि उन्हात आली की काळ्या पिसांवर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक. बाईंनी वर्षानुवर्षं अंडी निवडून, पिल्लं निवडून, बाकीची वाटून टाकून ही एक मिळवली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःची कोंबडी प्रदर्शनात नेली नव्हती. दर वेळी स्वतःचीच नापास. थोरलीला त्यांनी पहिल्यांदा पास केलं. "या वर्षी नेणार," एवढं त्या मला भिंतीवरून म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या तोंडून आनंदाचं वाक्य मी ते पहिलंच ऐकलं.

मग थोरलीने पिसं टाकली. वर्षातून एकदा कोंबड्या टाकतातच. नवी पिसं आली, जुन्यांहून चकचकीत आली, आणि उजव्या पंखात एक आलं ते पांढरं.

हे गल्लीला कळायला नको होतं. पण त्यांच्याच घरात राहणारा त्यांचा भाऊ बेकरीची गाडी चालवायचा आणि केस कापायला समोरच बसायचा. डोक्याला कात्री लागली की त्याचं तोंड आपोआप उघडतं. संध्याकाळी बाई कारखान्यातून येताना सलूनवाला पायरीवरच उभा होता.

"काय बाई, ऐकलं ते खरं का? थोरली पिकली म्हणे!"

"एक पीस आलंय. पिकायला तू आहेस की."

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसत होतं इतकी वर्षं. आता आपल्या डोळ्यात आलं. असू दे, असू दे. चिमटा देऊ का? नाकातले केस काढतो तोच आहे. धुऊन देतो."

"तुझ्या नाकाला राहू दे," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही, आणि ते सलूनवाल्यालाही कळलं असावं, कारण तो पायरीवरून मुकाट आत गेला.

त्यांची अडचण माझ्यासारख्यालाही दिसत होती. पीस उपटलं तर गल्लीत कुणाची कोंबडी नापास करायला तोंड उरणार नव्हतं. नाही उपटलं, तर इतक्या वर्षांत घडलेली ही एकच कोंबडी उंबऱ्यावरूनच परत. आणि ती काही दर वर्षी घडणारी गोष्ट नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी मी पालकाला पाणी घालत होतो. बाई स्टुलावर बसल्या होत्या, थोरली मांडीवर, उजवा पंख उघडलेला. ते पांढरं पीस त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं. मी खाली बसलो, म्हणजे मी दिसू नये. बऱ्याच वेळाने उठून बघितलं तर तशाच बसलेल्या, चिमूट तशीच. नंतर त्यांनी पंख मिटला. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. हे पान वाचणाऱ्यांना तेच हवं असेल, पण माझ्याकडे नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र भिंतीपलीकडून जो गोंधळ ऐकू आला तो शब्द न् शब्द सांगता येईल. भावाची गाडी पहाटेच निघायची. निघण्याआधी तो अंधारात खुराड्यात शिरला होता.

"ताई, झालं तुझं काम," तो म्हणाला. "तू काही केलं नाहीस. मी केलं. तुला पाप नाही."

"काय केलंस?"

"पांढरं काढलं. तीन निघाली. तू एकच म्हणत होतीस."

कडीचा आवाज झाला. मग बाईंचा आवाज असा आला की मावशींच्या परसातल्या कोंबड्यासुद्धा ओरडायला लागल्या.

"अरे गाढवा! ही धाकटी आहे!"

"पण पांढरं होतं ना! मी बॅटरी मारून बघितलं!"

"मुळाशी सगळ्याच पिसांना पांढुरकी लव असते! तुझ्या केसांना पण मुळाशी पांढरंच आहे, कलप लावतोस म्हणून दिसत नाही. उपटू का?"

मी हसलो ते तिकडे ऐकू गेलं की काय, कुणास ठाऊक. भाऊ गाडी घेऊन निघून गेला. उजाडल्यावर बाई भिंतीशी आल्या. तळहातावर तीन काळी पिसं होती. लांब, बिनदोष.

"बघा शेजारी. चांगली होती ती काढली." त्या पिसांकडे बघत राहिल्या. "आणि माझ्यासाठी काढली म्हणतो. मी त्याला काढ म्हटलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं."

"औषध लावलंत का?" असं काहीतरी मी विचारलं.

"लावलं. उद्या तुम्ही रिकामे आहात का? खोकं धरायला कुणीतरी हवं. भावाला मी नेणार नाही."

"थोरलीला नेताय? आणि ते पीस?"

"पीस जागेवर आहे," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी थोरलीला टबात आंघोळ घातली, तीन पाण्यांतून काढली, दिव्याच्या उबेला वाळवली, तुऱ्याला तेलाचं बोट लावलं. नवरीसारखं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये भोकं पाडलेलं खोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यातून उबदार वास येत होता. सभागृहात पिंजऱ्यांच्या रांगा, खाली लाकडाचा भुसा, आणि बोलताना ओरडावं लागेल असा कलकलाट. बाईंनी काळ्यांच्या वर्गातला पिंजरा मागितला आणि थोरलीला आत ठेवून रिकामं खोकं माझ्या हातात दिलं. दोन पिंजरे सोडून सलूनवाल्याची कोंबडी होती. तो आमच्याकडे आला, वाकून बघितलं.

"काढलं वाटतं?" हळूच म्हणाला.

"थांब की. कळेल."

परीक्षक म्हातारे होते, माझ्याच वयाचे. पांढरा कोट, हातात बारीक काठी. त्यांचा हात चांगला होता, हे बाईंच्याही चेहऱ्यावर दिसलं. थोरलीला त्यांनी बराच वेळ उभी बघितली, मग बाहेर काढली, हाड चाचपलं, आणि डावा पंख उघडून मान हलवली. मग उजवा उघडला.

ते थांबले. बाईंकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी जरा चहा घेऊन येतो. आल्यावर परत बघतो. पिसं काय, गळतातही."

थोरलीला पिंजऱ्यात ठेवून ते गेले. चांगल्या मनाने गेले, असं मला वाटतं. सलूनवाला तर हरखलाच.

"बाई, देव पावला! आता काय बघताय? ओढा!"

"तू ओढलं असतंस," बाई म्हणाल्या. "मी हात मागे बांधून उभी आहे." आणि खरंच त्यांनी हात मागे बांधले. आजूबाजूची माणसं गोळा झाली. बाई तशाच उभ्या, मान वर, जणू पिंजऱ्यात त्याच आहेत. मी खोकं छातीशी धरून बाजूला. तो चहा काही संपेना.

परीक्षक आले. पंख उघडला. "अजून आहे?"

"आहे. घट्ट आहे."

"बाई, खरं सांगू? अंगानं, चालीनं, रंगानं हिच्यासारखी आज या सभागृहात दुसरी नाही. पण नियम काही मी केलेला नाही."

"नियमाला मी कुठं वाईट म्हणते? नियम चांगलाच आहे. लावा."

"लावावाच लागेल."

"मग मोठ्यानं लावा. कशासाठी नापास ते सगळ्यांना ऐकू जाऊ दे. आणि पुढच्या पिंजऱ्यांतले पंखसुद्धा असेच उघडून बघा, घाई करू नका."

परीक्षकांनी एकदा कोट सारखा केला. आणि मोठ्याने म्हणाले, "उजव्या पंखात एक पांढरं पीस. बाद."

कुणीतरी हसलं. हसणं रांगेत पुढे सरकायच्या आत परीक्षक पुढच्या पिंजऱ्याशी गेले आणि त्यांनी पंख उघडला. सावकाश. मग त्याच्या पुढचा. आत्ता जे हसणार होते ते आपापल्या पिंजऱ्यांकडे सरकले. सलूनवाल्याच्या कोंबडीचा डावा पंख उघडला तेव्हा पिसांच्या रांगेत दात पडल्यासारखी एक फट होती. परीक्षकांनी फटीवर बोट ठेवलं. सलूनवाल्याचा रंग उडाला.

पण गळलेलं पीस हा काही दोष नाही. उपटलं असं सिद्ध कोण करणार? पहिलं कार्ड त्यालाच मिळालं. जग काही उलटंपालटं झालं नाही, हे लिहिणं मला भाग आहे. बाईंनी निघताना त्याला सांगितलं, "अभिनंदन. एक पीस कमी आहे, तेवढं घरी जाऊन शोध."

परतीच्या बसमध्ये खोकं बाईंनीच मांडीवर घेतलं. आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाल्या, "मी रोज शर्ट परत पाठवते, शेजारी. शिवणारी बाई समोर उभी असते, तिचं तोंड कसं होतं ते बघते. आज माझं तोंड सगळ्यांनी बघितलं. काही मेले नाही मी."

मी म्हटलं, "नाही."

पुढे गंमत झाली ती धाकटीची. तीन काळी पिसं ओढली होती, तिथं नवी आली ती तिन्ही पांढरी. ओढून काढलं की कधी कधी तसं येतं, बाई सांगायच्या. त्यांनी धाकटीला उचललं आणि भर गिऱ्हाइकांत जाऊन सलूनच्या खुर्चीवर ठेवलं.

"बघ. चिमट्याचं पीक."

"खुर्ची घाण करील ती!" सलूनवाला ओरडला. पण पंख त्याने उघडून बघितला. दोन-चार दिवसांनी तो मागच्या दाराने बाईंकडे आला, पोटाशी टॉवेल धरून. टॉवेलला शेपूट होतं.

"ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस?" बाई म्हणाल्या. "काढ बाहेर."

त्यांनी त्याची कोंबडी बघितली. एकाची तीन झाली होती. "नापास," म्हणाल्या. तो मुकाट्याने ऐकून गेला. कार्ड मात्र आरशांमधून काढलं नाही. अजूनही आहे.

पुढच्या थंडीत बाईंनी थोरलीला पुन्हा नेलं. मी पुन्हा खोकं धरलं. तेच परीक्षक होते. त्यांनी उजवा पंख उघडला आणि कुणी सांगायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाले, "पांढरं पीस. बाद." चहाचं नाव काढलं नाही. बाई खूश दिसल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही नेली. गल्लीत लोक म्हणायला लागले, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण कोंबडी दाखवायला जायचे त्यांच्याकडेच. मावशींनी तर एक कोंबडी मुद्दाम नापास करून घेतली आणि दुकानात ऐटीत सांगितलं, "बाईंनी नापास केलीय, बाईंनी!"

नंतर त्यांची नजर गेली. सुईएवढा दोष टिपणारी ती नजर, पण धागा दिसेना झाला तेव्हा त्यांनी स्वतःच कारखाना सोडला. कुणी जा म्हणायच्या आधी. धाकटी मेली. थोरली म्हातारी झाली, अंडी बंद झाली, तरी परसात तोऱ्यात फिरायची.

त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं ते असंच भिंतीवरून. ज्या सकाळी भावाने दार वाजवून मला उठवलं आणि बाई गेल्याचं सांगितलं, तिच्या आदल्या संध्याकाळी. थोरली त्यांच्या काखेत होती. त्यांनी उजवा पंख उघडून माझ्याकडे धरला.

"शेजारी, जरा बघा. पांढरं दिसतंय का?"

"दिसतंय."

"एकच का?"

मी चष्मा पुसला. "नाही बाई. बरीच आहेत."

"हं," बाई म्हणाल्या. पंख मिटला. "राहू देत. तुमच्या बाजूचं फाटक लावून घ्या, मांजर येतं."

"लावतो," मी म्हटलं.